पीटर रॅबिट आणि पॅटिस

इंग्रज लेखिका बीएट्रिक्स पॉटरच्या मुलांसाठीच्या गोष्टी म्हणजे नुसता गोडवा, निळा कोट घातलेले ससे, असं कुणी कुणी म्हणतं. चित्रांपुरतं खरं आहे. पण ‘पीटर रॅबिट’च्या गोष्टीत पीटर सशाची आई पोरांना मॅकग्रेगरच्या बागेत जायचं नाही असं बजावते, त्याचं कारण काय? त्यांचे वडील तिथे गेले आणि मॅकग्रेगरबाईंनी त्यांचा ‘पाय’ (pie, पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) केला! हे ती सहज सांगते आणि बन आणायला निघून जाते. रडारड नाही. तो ‘पाय’ वाढणाऱ्या मॅकग्रेगरबाईंचं चित्रही सुरुवातीच्या छपाईत होतं, नंतर गाळलं.

मागच्या पावसाळ्यात कोथरूडला भाचीला हे वाचून दाखवत होतो, तोंडी मराठी करत. ‘पाय’ला शब्द सुचेना, समोर बेकरीतून आणलेली पॅटिस होती, म्हणून ‘बाबांचं पॅटिस केलं’ म्हणून मोकळा झालो. ती चावायची थांबली, कडेचे पापुद्रे उचकटून आत डोकावली आणि म्हणाली, “मामा, हे व्हेज आहे ना?” खात्री पटल्यावर उरलेलं संपवलं. मग ‘पुढे वाच’. ताईने मात्र माझ्याकडे रागाने पाहिलं.

आणखी एक. ही गोष्ट आधी १८९३ मध्ये एका आजारी पाच वर्षांच्या मुलाला पत्रातून पाठवलेली. प्रकाशकांनी नाकारल्यावर पॉटरबाईंनी १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. आकार मुद्दाम लहान, मुलांच्या हातात मावेल असा. भाचीने ते पुस्तक दप्तराच्या पुढच्या कप्प्यात कोंबलं, पॅटिसच्या तेलकट बोटांनीच.