शब्दचर्चा: आत्मसन्मान म्हणजे स्वाभिमानच का?

पारोळ्याचा मास्तर:
अकरावीला मानसशास्त्र शिकवतो. परवा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ची दहा विधानांची प्रश्नावली मराठीत करून वर्गात वाटली. माणूस स्वतःला किती किंमत देतो, हे ती मोजते. त्यात पाच विधानं स्वतःबद्दल बरं बोलणारी आहेत, पाच वाईट. प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशा चार जागा. वर मथळा दिला होता 'आत्मसन्मान'. एक मुलगी उभी राहिली. "सर, आत्मसन्मान म्हणजे स्वाभिमानच ना? तो तर माझ्यात भरपूर आहे. कोणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही." तिचा कागद नंतर पाहिला. 'माझ्यात बरेच चांगले गुण आहेत' या विधानापुढे तिने 'असहमत'वर खूण केली होती. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. तुम्ही दोन्हींत फरक करता का? बोलताना कोणता वापरता?

सावद्याची लेक:
मास्तर, त्या मुलीचं चुकलेलं नाही. आपल्याकडे स्वाभिमान दुखावतो, डिवचला जातो, जागा होतो. म्हणजे समोर कोणीतरी लागतंच. एकटं बसलेल्या माणसाचा स्वाभिमान कसा आहे, असं आपण कधी विचारत नाही. मानसशास्त्रातला शब्द मात्र नेमका त्या एकट्या बसलेल्या माणसाबद्दल आहे: स्वतःचा हिशेब मांडताना तो स्वतःला काय भाव देतो?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९०मध्ये हा हिशेब भागाकाराने मांडला. वर यश, खाली अपेक्षा. अपेक्षा कमी केल्या तरी उत्तर वाढतं. माझे वडील केळीवाले. त्यांना इंग्रजी येत नाही याचं त्यांना कधी काही वाटलं नाही, पण शेजारच्या मळ्यातला घड आपल्यापेक्षा भारी निघाला की दोन दिवस धड जेवायचे नाहीत. त्यांनी स्वतःला जोखायला घेतलेली गोष्ट केळी होती, इंग्रजी नव्हे. याला 'स्वाभिमान दुखावला' म्हणता येत नाही, कारण कोणी काही बोललेलंच नसायचं.

धुळे-साक्री:
'मान'कडे बघा. मराठीत दोन मान आहेत. 'तो मान' संस्कृत 'मन्' धातूवरून आला, मानणे त्याच कुळातला. 'ती मान' म्हणजे गळ्यामागची, ती 'मन्या' या शब्दावरून आली. मूळ वेगळं, पण बोलताना दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. मान खाली गेली, मान वर करून बोलला, ताठ मानेने जगला. आमच्याकडे लग्नात मानपानावरून रुसवे होतात तेव्हा कोणाचा टॉवेल-टोपी राहिला हे सगळ्या मांडवाला दिसतं. पत, आब, अब्रू, इभ्रत हे सगळे शब्दसुद्धा चारचौघांतले. आतल्या आत स्वतःला दिलेल्या किमतीला आपल्याकडे रुळलेलं नाम नाही. 'न्यूनगंड' मात्र ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञ आडलर यांच्या मानसशास्त्रातून येऊन पानटपरीपर्यंत पोचला, ही खंत आहे. उणेपणाला शब्द मिळाला, भरलेपणाला नाही.

सावद्याची लेक:
नाम नसेल, पण क्रियापद आहे की! 'मनातून उतरणे'. तो माझ्या मनातून उतरला, असं आपण दुसऱ्याबद्दल म्हणतो. माझी आजी स्वतःबद्दल म्हणायची, "त्या दिवशी मी माझ्याच मनातून उतरले." गावात कोणाला काही कळलं नव्हतं, अब्रू शाबूत होती. तरी ती उतरली होती.

पारोळ्याचा मास्तर:
ताई, हे फार मोलाचं दिलंत. उद्याच वर्गात सांगतो.

आता 'आत्मसन्मान'चा जोडीदार शब्द, 'स्व-संकल्पना'. 'मी कोण?' याची जी उत्तरं मनात असतात ती सगळी मिळून स्व-संकल्पना, आणि त्या उत्तरांना दिलेला भाव म्हणजे हा आत्मसन्मान. कून आणि मॅकपार्टलंड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५४मध्ये यासाठी वीस कोऱ्या ओळींची चाचणी मांडली होती. प्रत्येक ओळीवर 'मी कोण?' याचं एकेक उत्तर लिहायचं. मी वर्गात ती घेतली. 'मी शेतकऱ्याचा मुलगा', 'मी दोन बहिणींचा भाऊ', 'मी अमुक गावचा' ही उत्तरं आधी. 'मी लाजाळू', 'मी चिडका' ही बारा-तेरा ओळींनंतर, पेनाचं टोक चावून झाल्यावर.

यावल रोड:
माणसाला जितके लोक ओळखतात तितके त्याचे सामाजिक 'मी' असतात, हेही जेम्स यांचंच. आपल्या भाषेत त्याला तयार जोडी आहे: सासुरवाशीण आणि माहेरवाशीण. बाई एकच. माझी वहिनी आमच्या घरी हळू बोलते, पदर सावरत चालते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली की निंबाच्या झोक्यावर उभी राहून अशी गाते की गल्लीच्या टोकाला ऐकू येतं. एका वर्षी तिला आणायला गेलो, दारातून मी दिसलो आणि गाणं मधेच थांबलं. मला फार वाईट वाटलं. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली १९०२मध्ये जे 'आरशातला मी' म्हणाले ते तिथे डोळ्यांनी पाहिलं. समोरच्याला आपण कसे दिसत असू, तो त्यावर काय म्हणत असेल, आणि त्यातून आपल्याला वाटणारा अभिमान किंवा लाज. हा आरसा मी होतो, आणि मी तोंडातून शब्दही काढला नव्हता.

धुळे-साक्री:
अहिराणीत 'मी' आणि 'माले', म्हणजे 'मला'. अमेरिकन विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी हाच फरक धरला: करणारा 'मी' आणि लोकांच्या नजरेतून दिसणारा 'मला'. वहिनींचा 'मी' गात होता, 'माले'ने थांबवला.

मास्तर, एक हरकत. तपासलेल्या प्रश्नावलीत 'मनातून उतरणे' घुसवू नका. शब्द बदलला की मोजमाप बदलतं, मग त्या गुणांची इतरांशी तुलना करता येत नाही.

पारोळ्याचा मास्तर:
मान्य, भाऊ. प्रश्नावली आहे तशीच ठेवतो. मथळ्यातून फक्त 'आत्मसन्मान' काढतो आणि 'मी स्वतःला कसा/कशी वाटतो/वाटते' असं सरळ लिहितो. स्वाभिमान हा शब्द भांडणासाठी आणि हक्कासाठी राहू दे, त्याचं तिथलं काम मोठं आहे. 'मनातून उतरणे' फळ्यावर लिहीन आणि त्या मुलीलाच विचारीन, की याच्या उलट काय म्हणायचं. 'मनात चढणे' तर कोणी म्हणत नाही. 'मनात भरणे' चालेल का? स्वतःच्या मनात स्वतः भरणं कानाला कसं वाटतं, सांगा.