प्रतिसाद: देव अंतरी वसतो, तरी विश्वासणारा का अडखळतो?

देव खरोखर अंतरी वसत असेल, तर विश्वासणाऱ्याने धडपड कशाला करायची, आणि तो अडखळला तर तो निवासच खोटा का मानू नये, असा प्रश्न विचारला गेला आहे. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातील ज्या ख्रिस्ती मंडळीला ‘तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे’ असे लिहिले (बायबलमधील करिंथकरांस पहिले पत्र, ६:१९), तीच मंडळी आपसांतील तंटे न्यायालयात नेत होती, आणि त्याबद्दलची कानउघाडणी त्याच अध्यायाच्या आरंभी आहे. म्हणजे निवास ही वाढीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारी पदवी नसून वाढीचा आरंभ आहे. ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरणे, म्हणजे देवापुढे निर्दोष गणले जाणे, एकदाच घडते. त्या नीतिमत्त्वाला साजेसे वागणे मात्र आयुष्यभर शिकावे लागते.

धडपडीविषयी पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र, २:१२-१३ पाहावे. तेथे ‘आपले तारण साधून घ्या’ या आज्ञेचे कारणच असे दिले आहे की, इच्छा आणि कृती या दोन्ही आपल्या ठायी देव घडवतो. आमच्या नागपुरात संत्र्याचे कलम लावल्यावर फळासाठी काही वर्षे थांबावे लागते, पण म्हणून कोणी पाणी देणे सोडत नाही. रविवारी येथील सदर भागातल्या चर्चमध्ये उपासना आटोपल्यावर फाटकाशी गाडी काढण्यावरून आवाज चढतो (आम्हा वडीलधाऱ्यांचाच अधिक!), तेव्हा गलतीकरांस पत्रातील सहनशीलता आणि इंद्रियदमन ही आत्म्याची फळे तेथेच तपासली जातात. चढलेला आवाज त्या क्षणी आवरणे आणि पुढच्या रविवारच्या आत त्या माणसाची क्षमा मागणे, हे दोन्ही आपल्यालाच करायचे असते. रोमकरांस पत्र ८:१३ नुसार देहाची कर्मे, म्हणजे पापी वृत्तीची कृत्ये, आपणच मारायची असतात, पण ती आत्म्याच्या योगे.