'सायटेशन'ला मराठीत नक्की काय म्हणायचं?

अर्धविराम: एका मॅक्रोइकॉनॉमिस्ट (म्हणजे सगळ्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा एकत्र अभ्यास करणाऱ्या) बाईंचा परिचय मराठीत करायला घेतलाय, जेमतेम दोन पानं, आणि एकाच वाक्यावर तीन दिवस अडकलोय. मूळ मजकुरात पेपर किती, सायटेशन्स (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात त्यांचा हवाला दिला तो) किती, एच-इंडेक्स (या हवाल्यांवरून काढलेलं माप) किती असं सगळं एका दमात सांगितलंय. मी लिहिलं, 'त्यांच्या शोधनिबंधांचा हजारो वेळा उल्लेख झाला आहे'. संपादकांचा शेरा आला, उल्लेख तर पंचनाम्यातही होतो. मग 'उद्धरणे' केलं तर म्हणे हे कोटेशन झालं. तुम्ही काय वापरता?

कोशकीटक: उद्धरणच वापरा, बिनधास्त. काही लोक उद् + धृ अशी फोड करतात, मला स्वतःला उद् + हृ पटते, म्हणजे उचलून बाहेर काढणं. उदाहरण हा शब्दही त्याच घरातला. दुसऱ्याच्या लिखाणातून काढून आपल्यात आणायचं, याहून नेमकं काय पाहिजे?

खडूफळा: अहो उचलून आणलं तर ती चोरी :) सायटेशनमध्ये उचलायचं काहीच नसतं, फक्त बोट दाखवायचं. व्याजदरावर लिहिताना 'टेलर १९९३' एवढं लिहिलं की झालं, त्या लेखातलं एक अक्षरही घ्यावं लागत नाही, वाचणाऱ्याला कळतं की महागाई आणि उत्पादनातली तफावत बघून दर हलवायचा तो नियम. म्हणून दाखला. दाखला देता येतो आणि मिळतोही, हा त्याचा मोठा फायदा. पेपराच्या शेवटी आपण यादी देतो ते संदर्भ, आणि दुसऱ्याच्या यादीत आपलं नाव आलं की ते सायटेशन, एकाच गोष्टीची दोन टोकं.

अर्धविराम: हाच तर माझा घोळ होता. 'संदर्भ दिला' बरोबर वाटतं पण 'संदर्भ मिळाला' म्हणजे मला आधीचं बोलणं कळलं असा अर्थ होतो.

पानगळ: 'बाईंना वीस हजार दाखले मिळाले' वाचून मला तर वाटेल बाईंनी वीस हजार शाळा सोडल्या.

खडूफळा: मूळ शब्द अरबी दाखल, म्हणजे आत येणं, नोंद होणं. शाळेचा दाखला हा त्याचा एक उपयोग झाला, तेवढ्यावरून शब्दच शाळेला देऊन टाकायचा का?

तिरकस: उद्धरणवाल्यांसाठी एक. आमची आजी चिडली की समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि खरं सांगतो, सायटेशनला हाच शब्द फिट आहे. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांचा २०१० चा पेपर घ्या, सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ मंदावते असं म्हणणारा. २०१३ मध्ये हर्न्डन, ॲश आणि पोलिन यांनी दाखवून दिलं की एक्सेलच्या सरासरीत पाच देश घ्यायचेच राहिले होते, शिवाय आकडे निवडण्यावर आणि त्यांना दिलेल्या भारावरही आक्षेप घेतले. मग त्या पेपरचा जो उद्धार झाला तो सगळा मोजणीत जमाच की! मोजणाऱ्या मशीनला स्तुती काय अन् शिव्या काय.

कोशकीटक: आजीचा उद्धार ही विपरीत लक्षणा आहे, म्हणजे शब्द उलट अर्थाने वापरणं, ती मूळ अर्थावर लादू नका. आणि ही प्रथा परकी आहे असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, पाणिनीने 'लोपः शाकल्यस्य' असं सूत्रातच आधीच्या वैयाकरणाचं, शाकल्याचं, नाव घेतलंय.

तिरकस: म्हणजे शाकल्याचा एच-इंडेक्स किमान एक 😄

खडूफळा: एच-इंडेक्सला 'निर्देशांक' मात्र करू नका, मॅक्रोवाल्यांच्या लेखात निर्देशांक म्हटलं की वाचक थेट महागाईकडे धावतो. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलेलं माप आहे ते. ४० म्हणजे ४० पेपर असे की प्रत्येकाला निदान ४० सायटेशन्स. एकच पेपर लिहिला नि तो जगभर गाजला तरी इंडेक्स एकच. उलट 'लुकास क्रिटिक' (धोरण बदललं की लोकांचं वागणंही बदलतं, म्हणून जुन्या आकड्यांवर विसंबू नका, हा लुकास यांचा आक्षेप) हे इतकं मुरलंय की १९७६ चा पेपर यादीत न घालताही लोक ते नाव सर्रास वापरतात. ते कुठे धरणार?

नवखी: एक विचारू का, मॅक्रोइकॉनॉमिस्टला काय लिहिलंय? आमच्या पुस्तकात 'स्थूल अर्थशास्त्र' होतं. प्लीज बाईंना 'स्थूल अर्थशास्त्रज्ञ' लिहू नका!!

कोशकीटक: स्थूल शास्त्र आहे, बाई नव्हेत. मध्ये जोडरेघ द्या, स्थूल-अर्थशास्त्रज्ञ.

नवखी: जोडरेघेने वजन कमी होत नाही हो.

पानगळ: समग्रलक्षी लिहा. उच्चारायला जड पण निदान अंगावर येत नाही.

रोखठोक: तुम्ही सगळे मिळून त्या परिचयाचं वाटोळं करताय. मी या लोकांमध्ये वावरतो, कुणीही उद्धरण-बिद्धरण म्हणत नाही, 'मला साइट केलंय का' असंच विचारतात. पेपर 'आला' म्हणजे वर्किंग पेपर म्हणून, जर्नलात छापण्याआधीच सगळ्यांना वाचायला दिलेला मसुदा म्हणून आला, जर्नलात छापून यायला पुढे वर्षं जातात आणि तोवर सायटेशनं गोळा होतच असतात. या 'वर्किंग पेपर'ला काय करणार? कार्यरत कागद?

कोशकीटक: सायटेशनं? परकी शब्द घ्यायचा तर त्याचं अनेकवचन तरी नीट घ्या. सायटेशन्स.

रोखठोक: का? स्टेशनं म्हणतो ना आपण? शब्द आमच्या घरात आला की आमच्या व्याकरणाने चालणार.

कोशकीटक: मग लिंग कुठलं? ते सायटेशन की ती सायटेशन?

पानगळ: मी 'ती' ऐकलंय. 'माझी एक सायटेशन वाढली.'

अर्धविराम: मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. आत्ता तिथे 'हजारो वेळा दाखला दिला गेला' आहे. राहू दे का?

तिरकस: 'दिला गेला' नको, इंग्रजी वास येतोय.