घरामागे कोंबड्या आणि मधमाश्या: दोन्ही एकदम की एकेक?

मागचं_अंगण:
नमस्कार मंडळी. घरामागे थोडी मोकळी जागा आहे. एका कोपऱ्यात झाडांची सावली, दुसऱ्या टोकाला सकाळचं ऊन. बरीच वर्षं मनात होतं ते यंदा करायचंच ठरवलंय: चार कोंबड्या (फक्त अंड्यांसाठी) आणि मधमाश्यांची एक पेटी. अनुभव शून्य. बजेट बेताचं, म्हणजे खुराडं स्वतःच ठोकणार आणि पेटी वापरलेली मिळाली तरी चालेल. महागडी यंत्रं कृपया सुचवू नका.
दोन्ही एकाच वेळी झेपेल का? नसेल तर आधी काय? आणि कोंबड्या-माश्या एकमेकींना त्रास देतात का?

खुराडेवाला:
आधी कोंबड्या. डोळे मिटून. मी चारवर सुरू केलं, आज तीस आहेत. ताई, एक गोष्ट मात्र घ्याच: उजाडलं की आपोआप उघडणारं दार. सोबत एक कॅमेरा. महाग आहे, पण पहाटे उठायला नको. खुराडं विकतचं घ्या, स्वतः ठोकलेलं टिकत नाही.

मागचं_अंगण:
ताई नाही, दादा. :) आणि दार मीच उघडेन, पहाटे जाग येतेच.

जुनं_खोड:
स्वतः ठोकलेलं टिकत नाही? माझं अकरा वर्षं उभं आहे. चुकलं ते जाळीत. सुरुवातीला ती षटकोनी भोकांची पातळ जाळी लावली होती. ती कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. एका सकाळी जाळी जागच्या जागी, कडी लावलेली, आणि आत तीनच कोंबड्या. मागच्या भिंतीपाशी मूठभर पिसं आणि जमिनीत हात जाईल एवढं भोक. घूस खालून आली होती. त्यानंतर अर्धा इंची वेल्डमेश लावली आणि तीच फूटभर खाली पुरून बाहेरच्या बाजूला वळवली. पैसे वाचवायचे तर छपरात वाचवा, जाळीत नको.
मापं: आत प्रत्येकीला ४ चौरस फूट, बाहेर फिरायला १०. अंडी घालायचं खोकं चार जणींत एक पुरतं. बसायची दांडी खोक्यापेक्षा उंच हवी, नाहीतर रात्री खोक्यात झोपतात आणि तिथेच घाण करतात.

नुसताच_वाचक:
वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: कोंबडा नसेल तर अंडी कशी येणार?

खुराडेवाला:
येतात की. कोंबडा लागतो पिल्लांसाठी. तरी मी म्हणेन ठेवाच, रुबाब असतो.

आजीची_नात:
रुबाब तुमचा, झोप शेजाऱ्यांची. आमचा पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. शेवटी देऊन टाकला. तुमच्याकडे नियम काय आहेत ते आधी बघा आणि शेजाऱ्यांशी बोलून घ्या. माश्यांसाठी तर नक्कीच.

तिसरी_पेटी:
सगळे कोंबड्यांतच रमलेत म्हणून लिहितो. पेटी घेणार असाल तर एक नको, दोन घ्या.

मागचं_अंगण:
बजेट एका पेटीचंच आहे हो.

तिसरी_पेटी:
कळलं, पण दोनच घ्या. माझी पहिली एकटी होती. राणी गेली आणि मला पंधरा दिवस पत्ताच नाही. माश्या येत-जात होत्या, सगळं छान वाटत होतं. पेटीतली पोळ्याची चौकट उचलून बघितली तर एकही अंडं नाही, कोवळी अळी नाही. दुसरी वसाहत असती तर तिच्यातली अंड्यांची एक चौकट आत सरकवली असती, त्यावर त्यांनी नवी राणी केली असती. अंडं म्हणजे पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाशी उभं चिकटवलेलं तांदळाच्या कणीहून बारीक पांढरं टोक. सूर्याकडे पाठ करून, ऊन खांद्यावरून चौकटीवर पडू दिलं की दिसतं.

पंख_आणि_डंख:
+१. गंमत बघा, कोंबडीचं अंडं उबायला २१ दिवस आणि कामकरी माशीही अंड्यापासून बाहेर यायला २१ दिवस. दोन्हींचं एकाच कॅलेंडरवर लिहिते मी.

जुनं_खोड:
राणी मात्र १६ आणि नर २४.

पंख_आणि_डंख:
कामकरी म्हटलंय काका, वाचा तरी.
मूळ प्रश्नावर. माझ्याकडे दोन्ही आहेत. कोंबड्या उडत्या माश्यांच्या वाटेला जात नाहीत, पेटीपुढे पडलेल्या मेलेल्या माश्या तेवढ्या टिपतात. भांडण झालं ते पाण्यावरून. कोंबड्यांच्या भांड्याच्या काठावर माश्यांची रांग लागायची आणि कोंबड्या लांब उभ्या राहून बघायच्या. भर उन्हात तहानलेल्या कोंबड्या, आणि मला वाटलं आजारी पडल्यात. मग पेटीजवळ एक उथळ परात ठेवली, त्यात खडे, खड्यांच्या माथ्यापर्यंत पाणी. खडे नसतील तर माश्या बुडतात. हे पेटी यायच्या आधी ठेवा. एकदा त्यांनी पाण्याची जागा धरली की बदलत नाहीत.

खुराडेवाला:
पेटीखाली कोंबड्या सोडा, वरोआ (माश्यांना लागणारे गोचीड) खाऊन टाकतात. औषधाचा खर्च वाचतो. मी ऐकलंय.

तिसरी_पेटी:
ऐकलंय म्हणजे पेटी नाही ना तुमच्याकडे? वरोआ माशीच्या अंगावर आणि बंद झाकणाखालच्या पिल्लांवर असतो. कोंबडी तिथे चोच घालणार आहे का? खाली पडलेला गोचीड तसाही मरणारच. मेणपतंगाच्या अळ्या टाकल्या तर मात्र झडप घालून खातात, तेवढं खरं.

खुराडेवाला:
बरं बाबा. माझ्या तीस कोंबड्या सुखी आहेत.

आजीची_नात:
एक महत्त्वाचं आहे आणि अजून कोणीच लिहिलं नाही. कोंबड्यांना उवा-गोचीड झाले की लोक भुकटी मारतात. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं, आणि ते माश्यांना जहाल विष आहे. मी कोंबड्यांच्या धुळीच्या खड्ड्यात ओंजळभर टाकली होती, पेटी त्याच बाजूला, वारा सुटलेला. संध्याकाळी पेटीच्या पुढच्या फळीवर माश्या पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या. सकाळी झाडूने गोळा केल्या. त्या वसाहतीने पुढे बाळसं धरलंच नाही. दोन्ही एकाच अंगणात ठेवायचं असेल तर कोंबड्यांचं प्रत्येक औषध आधी माश्यांच्या नजरेने बघा.

पंख_आणि_डंख:
बाप रे. हे मलाही माहीत नव्हतं. आत्ताच जाऊन डबा वाचून आले.

नुसताच_वाचक:
पिल्लं आणावीत की मोठ्या कोंबड्या?

जुनं_खोड:
धागा तुमचा नाही, पण सांगतो. तलंगा आणा, अंड्यावर यायच्या बेतातल्या. एक दिवसाची पिल्लं म्हणजे पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, आणि लसीकरण सांभाळणं. अंड्यासाठी पुढे पाचेक महिने वाट. पिल्लांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य घालू नका, त्यातल्या जास्तीच्या चुन्याने मूत्रपिंड खराब होतं.

खुराडेवाला:
पिल्लंच आणा. माणसाळतात. माझी एक तर हाक मारली की खांद्यावर बसते.

डॉक्टर_नाही_पण:
घरात कोणाला माशीचा डंख सोसत नाही का, हे आधी माहीत करून घ्या. जागेवर सूज येणं वेगळं. अंगभर पित्त उठणं, श्वास लागणं, चक्कर म्हणजे थेट रुग्णालय, घरगुती उपाय करत बसू नका. नांगी दिसली की लगेच काढा, नखाने काढा किंवा चिमटीने, वेळ घालवू नका.
अवांतर: केळं खाऊन पेटी उघडू नका. डंखाबरोबर जो धोक्याचा वास सुटतो, त्यातला मुख्य घटक केळ्याच्या वासातही असतो. मी खाल्लं होतं. अधिक सांगत नाही.

आजीची_नात:
=)) केळ्याचं सविस्तर येऊ द्या.

तिसरी_पेटी:
धाग्याचा विषय केळं नाही. मागचं_अंगण, वापरलेली पेटी घेऊ नका. फाउलब्रूडचे (माश्यांची पिल्लं कुजवणारा रोग) बीजाणू जुन्या लाकडात अनेक दशकं तग धरतात. आणि मध काढायचं स्टीलचं यंत्र घ्या, चार चौकटींचं.

मागचं_अंगण:
सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं ते सांगतो, रागावू नका.
ओळखीतले एक काका वयामुळे पेट्या कमी करताहेत. त्यांच्याकडून एक भरलेली पेटी घेतोय, वापरलेली, एकच. काल दोन तास त्यांच्यासोबत सगळ्या चौकटी उघडून बघितल्या. पिल्लांची झाकणं नीट, खचलेली किंवा भोकाची नाहीत, कुजका वास नाही. ते अंडं मलाही दिसलं, ऊन खांद्यावरून घेतल्यावर. कोंबड्या पुढच्या वर्षी. खड्यांची परात आजच ठेवली.

खुराडेवाला:
मग विचारलंत कशाला? सगळे आधी कोंबड्या म्हणत होते.

तिसरी_पेटी:
सगळे नाही, तुम्ही. मी दोन पेट्या म्हटलं होतं. बरं, काकांना धरून राहा, ते यंत्रापेक्षा कामाचे. पहिल्या वर्षी मधाची घाई नको, त्यांच्यासाठी राहू द्या.

मागचं_अंगण:
शेवटचं एक. मुंग्यांसाठी स्टँडच्या चार पायांखाली वाट्या ठेवतात ना, त्यात पाणी की तेल?

जुनं_खोड:
पाणी.

पंख_आणि_डंख:
तेल. पाणी दुपारपर्यंत आटतं.

जुनं_खोड:
मग रोज घाला. पहाटे जाग येते म्हणाले ना ते.