मदत हवी आहे: सिरोसिस असताना गुडघेदुखीवर काय द्यावं?

नमस्कार मंडळी, बाबांना लिव्हर सिरोसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) आहे, त्यात गुडघे भयंकर दुखतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या पेनकिलर बंदच. त्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवरही ताण येतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी दिवसाला २ ग्रॅमच्या आत चालेल म्हटलंय. पण ते सर्दीच्या गोळ्यांतही असतं, म्हणून प्रत्येक पाकीट वाचावं लागतं. तेवढ्यानं दुखणं काही थांबत नाही. ट्रामाडॉल या जास्त तीव्र पेनकिलरची मला धास्तीच आहे, गुंगी येऊन भ्रम झाला तर?

कोणाच्या घरी असा पेशंट आहे का? फिजिओथेरपीनं फरक पडला? नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत लिव्हरकडे बघून गुडघ्याचं औषध देणारे डॉक्टर माहीत असतील तर सांगा. काढे-चूर्ण कृपया सुचवू नका, मावशीनं आधीच डबा भरून आणलाय.