‘भरकटलेला’ की ‘मुक्कामी’?

जूनचा पहिला आठवडा होता. पूर्व भागातल्या आमच्या कारखान्याचं (बाहेरगावच्यांसाठी सांगतो, सोलापुरात कारखाना म्हणजे बहुतेक वेळा यंत्रमागाचं शेड) सकाळी कुलूप काढलं, तर सुताच्या पोत्यांमागे एक पाखरू अंग चोरून बसलेलं. साळुंकीपेक्षा लहान, शेपटी अगदी आखूड. पाठ हिरवी, खांद्यावर चमकदार निळा डाग, डोळ्यावरून मानेपर्यंत जाड काळा पट्टा, पोट फिकट पिवळसर आणि शेपटीखाली लालभडक. नवरंग! मागांची खडखड सुरू झाली असती तर ते घाबरून खिडकीच्या काचेवर आपटलं असतं. त्या दिवशी माग उशिराच लागले.

शेजारच्या अव्वा बघायला आल्या आणि आनंदाने म्हणाल्या, “पिट्ट वच्चिंदी!” पाखरू आलं. त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी नेमकं नाव घेतलं होतं. तेलुगूत पिट्ट म्हणजे कुठलंही छोटं पाखरू. हाच शब्द उचलून व्हिएयो या फ्रेंच पक्षीतज्ज्ञाने 1816 मध्ये या पक्ष्यांच्या गटाला ‘पिट्टा’ हे शास्त्रीय नाव दिलं. साखर पेठेतल्या अंगणात रोज ऐकू येणारा शब्द जगभरच्या पक्षीशास्त्रात बसलाय, याचा मला फार अभिमान वाटला.

आता मुद्द्याचं. फोटो पाठवला तिथून सगळ्यांचं एकच उत्तर आलं: “भरकटलेला दिसतोय.” बातम्यांतही असंच असतं, ‘भरकटलेला दुर्मीळ पक्षी घरात घुसला’. मला हा शब्द खटकतो. जहाज भरकटतं, चर्चा भरकटते, वयात आलेलं पोर भरकटतं. दिशा सुटली, ताबा गेला, असा दोष त्यात आहे. ‘चुकार’ शब्दही तसाच. चुकार ढोर म्हणजे कळप सोडून गेलेलं. पावसाळी वादळाने समुद्रावरचा एखादा पक्षी कोसोगणती आत आणून टाकला, तर तो खरा भरकटलेला.

नवरंगाची दिशा मात्र पक्की असते. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढायचा, पावसाच्या तोंडावर विणीसाठी उत्तरेकडे निघायचं, हा त्याचा ठरलेला रस्ता. प्रवास रात्रीचा. उजाडलं की दमलेला जीव सापडेल त्या आडोशाला उतरतो. झाडी मिळाली तर झाडीत, नाही तर बाल्कनीत, मोरीत, जिन्याखाली. आपल्याला ती जागा विचित्र वाटते, त्याला फक्त सावली आणि शांतता हवी असते.

अशा मधल्या विसाव्याला आपल्याकडे नेमका शब्द कुठला? पक्षी रात्री जमून झोपतात त्या ठिकाणाला ‘रातथारा’ हा देखणा शब्द आहे. 1932 साली सोलापुरातच जन्मलेल्या लेखक आणि पक्षीअभ्यासक मारुती चितमपल्लींनी काकागार (कावळ्यांची वसाहत), सारंगागार (बगळ्यांची वसाहत) असे शब्द मराठीत रुजवले. पण वाटेतल्या थांब्याला रातथारा म्हणता येणार नाही. हा तर दिवसा थांबतो.

मला ‘मुक्कामी’ सुचतो. खेड्यात रात्री येऊन थांबणारी आणि पहाटे निघणारी मुक्कामी एसटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती वाट चुकून आलेली नसते, तिला पुढे जायचंच असतं. नवरंगाचं वेळापत्रक तेवढं उलटं. दुसरा पर्याय ‘उतरलेला’. “पाहुणे कुणाकडे उतरलेत?” असं आपण विचारतोच की. ‘कारखान्यात नवरंग उतरला’ हे वाक्य मला फार गोड वाटतं. ‘पाहुणा पक्षी’ मात्र हिवाळाभर राहणाऱ्यांसाठी इतका वापरला गेलाय की एका दिवसाच्या थांब्याला तो सैल पडतो.

आमच्या मुक्कामी नवरंगाला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या कोपऱ्यात दिवसभर ठेवलं. हाताळलं नाही, चोचीत पाणी घातलं नाही. तिन्हीसांजेला विजापूर रोडच्या वनविहारात नेऊन झाकण उघडलं. क्षणभर तो काठावर बसला, शेपटीचा तुकडा वरखाली हलवला आणि खाली उतरून पाचोळ्यात टुणटुणत दिसेनासा झाला.

अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत, बार्शी-करमाळ्याच्या शेतावर अशा दमून उतरलेल्या पाखराला काय म्हणतात? जुन्या माणसांना विचारून सांगा. ‘मुक्कामी’पेक्षा चांगला शब्द मिळाला तर मी तोच वापरीन.