आजीचे चरित्र लिहिताना तिचे जन्मवर्ष आणि माहेरचे नाव कोठे शोधावे?

प्रश्न

माझी आजी (वडिलांची आई) गेल्या महिन्यात सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, आमच्या गावी वारली. वर्षश्राद्धापर्यंत तिच्या आयुष्याची आणि गोतावळ्याची एक लहान पुस्तिका काढावी, असे चुलत्यांनी सुचवले आणि ते काम माझ्याकडे आले. घरातील वंशावळीत पुरुषांची नावे सात पिढ्यांपर्यंत आहेत, परंतु त्यांच्या बायका आणि मुली कोठेही नाहीत. आजी शाळेत गेलेली नव्हती. आधारकार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९३८ अशी आहे, जी गावातील तिच्या वयाच्या कित्येकांची आहे. लग्नात तिचे नाव बदलले होते आणि माहेरचे नाव सांगू शकतील असे तिचे भाऊही आता हयात नाहीत. शोध कोठून सुरू करावा?

प्रतिसाद १

वर्ष विचारू नका, प्रसंग विचारा. आपल्या भागातील म्हाताऱ्या माणसांना सन आठवत नाही, पण गांधीहत्येनंतरची १९४८ सालची जाळपोळ, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आणि १९७२ चा दुष्काळ ही तीन ठिकाणे बहुतेकांच्या मनात पक्की असतात. आजीचे लग्न जाळपोळीच्या आधीचे की नंतरचे, भूकंपाच्या वेळी कोणते मूल अंगावर पीत होते, दुष्काळात ती खडी फोडायला जात असताना धाकट्याला कोण सांभाळत असे, असे आत्यांना आणि शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना विचारले, तर मुलांचा क्रम आणि अंदाजे वर्षे आपोआप जुळतात. दुष्काळात खाल्लेल्या सुकडी आणि मिलो ज्वारीचा विषय काढून पाहा. त्यावर बोलायला लागलेली बाई लवकर थांबत नाही आणि पुस्तिकेचा सर्वांत चांगला भाग बहुधा तेथेच मिळतो.

प्रतिसाद २

वरील सूचना योग्य आहे, पण कागदाचा आधारही हवा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात असतात आणि त्या बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. आजीचे जन्मगाव माहीत असेल, तर तेथील १९३० ते १९४२ ची पाने मागा. काही नोंदी मोडीत असतील, त्यामुळे मोडी वाचणारा माणूस सोबत न्यावा. या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते, केवळ बापाचे नाव आणि ‘मुलगी’ एवढेच असते. म्हणून शोध आजीच्या वडिलांच्या नावाने घ्यावा आणि भावांच्या नोंदींशी क्रम ताडून पाहावा. भाऊ शाळेत गेले असतील, तर त्यांच्या जन्मतारखा शाळेच्या रजिस्टरात सापडतील.

स्त्रियांची नावे कागदावर न येण्याचा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको किंवा अमक्याची आई अशीच नोंद करवली होती.

प्रतिसाद ३

हेळवी तुमच्याकडे येतात का? सुगीनंतर धान्य घ्यायला येणाऱ्या हेळव्यांच्या वह्यांत आपल्या भागातील कित्येक घराण्यांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. मात्र आजीसाठी तुमच्या घराचा नव्हे, तर तिच्या माहेरच्या भावकीचा हेळवी गाठावा लागेल. माहेरचे कोणी त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकला विधीसाठी गेले असेल, तर तेथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीही पाहाव्यात.

एक आग्रहाची विनंती. जी मुले जगली नाहीत, त्यांनाही पुस्तिकेत स्थान द्या. वंशावळ लिहिणारे त्यांना सहसा गाळतात, परंतु त्या बाईच्या आयुष्यातून ती बाळंतपणे वजा होत नाहीत. आणि आत्यांना तिच्या जात्यावरच्या ओव्या आठवत असतील, तर त्या आधी ध्वनिमुद्रित करून घ्या. ओवीत भावाचे, बापाचे आणि माहेरच्या गावाचे नाव हमखास येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आहेत. त्यांत तिच्या गावच्या बायका आहेत का, हेही पाहता येईल.

प्रतिसाद ४

आजीच्या नावे जमीन असेल, तर पुस्तिकेबरोबर वारस नोंदही मार्गी लावा. मृत्युपत्र नसल्यास हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १५ नुसार मुलगे आणि मुली समान वारस ठरतात, आणि आधी वारलेल्या अपत्याच्या मुलांनाही त्याचा वाटा मिळतो. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात आत्यांची नावे गाळण्याची चूक सर्रास होते. तुमची वंशावळच पुरुषांची असल्याने ती तशीच तलाठ्याकडे देऊ नका.